विटकॉम वकिलांची काठी

मित्रांनो, भिंतीवर मानाने टांगलेली आणि मनातून पार कंटाळलेली अशी मी एक जुनी काठी होते.

माझा जन्म दीडशे वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतला. माझे पहिले धनी एझ्रा विटकॉम वकील. घोड्यावरून ते गावोगावच्या कोर्टांत जात आणि डुक्कर कोणाचे यावरही तासभर तावातावाने बोलत. पुढे ते राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. त्यांच्या गावाला नदीवर पूल हवा होता, होडीवाल्यांना तो नको होता. विटकॉमांनी तीनदा विधेयक मांडले. दोनदा आपटले, तिसऱ्यांदा मंजूर झाले. पूल झाला, पण होडीवाल्यांनी पुढच्या निवडणुकीत त्यांना घरी बसवले! तेव्हा गावकऱ्यांनी पुलाच्या उरलेल्या लाकडातून मला घडवले, चांदीची मूठ बसवली आणि त्यांच्या हाती दिले. आधी ते मला नुसते मिरवत. पुढे गुडघे कुरकुरू लागले आणि मी त्यांचा खरा आधार झाले. तेच माझे सुखाचे दिवस.

त्यांच्या नातीबरोबर मी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला आले, मग एका दुकानात वर्षानुवर्षे धूळ खात पडले. गेल्या वर्षी तिथेच राहणाऱ्या लीलावतीबाईंनी मला आपल्या यजमानांसाठी विकत आणले. यजमान म्हणजे डॉक्टर ज्ञानेश्वर, हाडांचे निवृत्त सर्जन. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते घराबाहेर पडेनात.

"अगं, ही अँटिक आहे. टेकायची नसते," म्हणत त्यांनी मला भिंतीवर टांगले. जन्मभर पेशंटना काठी देणाऱ्याला स्वतः काठी धरायची लाज वाटत होती. मला त्यांचा रागही येई आणि कीवही.

एका सकाळी लीलावतीबाईंनी मला खाली काढले आणि उगाच लंगडत हॉलभर फिरू लागल्या.

"अगं, राँग हँड! दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची!" डॉक्टर ओरडले.

"अहो, मला नाही जमत. तुम्ही दाखवा ना."

डॉक्टरांनी मला हिसकावले आणि दारापर्यंत जाऊन परत आले. "हे बघ, असं! पण ही फार उंच आहे. मूठ मनगटाशी यायला हवी." बोलता बोलता ते थांबले. "मुद्दाम केलंस ना?"

"नाहीतर काय! शेडमधून करवत आणू?"

"अँटिकची व्हॅल्यू जाईल."

"जाऊ दे. तुम्ही चला."

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या थाटात मोजून मला दोन इंच कापले. दुखले, खोटे कशाला सांगू? पण त्याच दुपारी आम्ही उतार उतरून बसस्टॉपपर्यंत गेलो. बस येईपर्यंत डॉक्टर माझ्यावर रेलून उभे होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा. पण हातातही घ्या. भिंतीवर माझ्यावर कुणाचाच भार नव्हता, आणि त्यासारखे दुःख नाही.