टाचेचं हाड

ट्रकमधल्या मालावर ताडपत्रीचा दोर आवळताना अंगाचा सगळा भार देऊन मागे रेलायचं, ही सगळ्याच ड्रायव्हरांची रीत. दोर कधी दगा देईल, हे कुणाच्या मनाला शिवतसुद्धा नाही. ह्याचा दोर तुटला आणि हा मालावरून खाली आला, तो थेट डाव्या टाचेवर.

प्लास्टर निघालं, पण टाच टेकली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बायको शिलाई मशीनवर मान मोडून बसायची आणि हा खिडकीतून रस्त्यावरचे ट्रक बघत बसायचा. कुणी विचारलं, तर "एकदम झकास!" म्हणायचा आणि मग घरात विनाकारण डाफरायचा. बसून बसून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

अशात मालकाचा निरोप आला. आपल्या पायाने चढून गाडी आवारात फिरवून दाखव, नाहीतर नवा माणूस तयार आहे.

"अहो, थोडं थांबा ना. पाय कायमचा जाईल," बायको काकुळतीला आली.

"आणि तोवर खायचं काय? हवा?" तो खेकसला. लगेच त्याचं त्यालाच वाईट वाटलं. तिने चिंधी घट्ट बांधून त्याचा पाय बुटात बसवला.

आवारात तो दांडीला धरून, हातांच्या जोरावर केबिनमध्ये चढला. क्लच दाबला आणि मांडीपर्यंत आग गेली. तरी दात दाखवत त्याने चक्कर मारली, रिव्हर्समध्ये गाडी भिंतीला अलगद लावली.

"काय तो हात! मानलं बुवा!" मुकादम म्हणाला.

"उद्यापासून ये," मालक म्हणाला.

फाटकापाशी बायको डोळे पुसत उभी होती. कधी एकदा तिला सांगतो, असं त्याला झालं. आनंदाने तो टाच विसरला, चिंधी विसरला. पाठमोरं होऊन पायरी-पायरीने उतरणं हे नवशिक्यांचं काम. जुना ड्रायव्हर दार उघडतो आणि उडी मारतो. त्याने दार उघडलं आणि उडी मारली.

बायको धावत पोचेपर्यंत तो मातीत हात टेकून उठायची धडपड करत होता.

"काही नाही, मालक! जरा मुरगळला. उद्या येतो ना मी... येतो म्हणजे येतोच!"

दांडी धरून मालक सावकाश केबिनमध्ये चढला आणि गाडीची चावी काढून घेतली.