आवाज नाही

पाणबुडीवर त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याच्या नावाने आनंदच होता, पण समुद्रातलं ऐकण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. हेडफोन लावून बसला की लांबून जाणाऱ्या जहाजाच्या पंख्याला किती पाती आहेत, हे तो बसल्या जागी सांगे. आता पंच्याहत्तरी उलटली होती. उजवा कान ठार, डाव्यात यंत्र आणि मोतीबिंदूमुळे अक्षरं धुरकट. नशिबाची थट्टा, दुसरं काय!

अणुशक्तीवर चालणारी ती पाणबुडीही आता भंगारात निघाली होती. तिची अणुभट्टी काढून झाल्यावर नौदलाच्या कचेरीने तिच्या एकतीस वर्षांच्या सेवेचा इतिहास छापायला घेतला. जुन्या माणसांनी तपासून, सही करून परत पाठवावा म्हणून कागद घरी आले. कानसेनला वाचता येईना, म्हणून जेवणं उरकल्यावर बायको पेन्सिल घेऊन शेजारी बसली आणि त्याच्या कानाशी ओरडून वाचू लागली.

"इंधन दोनदा बदललं. बरोबर?"

"बरोबर."

"सलग ब्याऐंशी दिवस पाण्याखाली."

"त्र्याऐंशी. शेवटच्या दिवशी साबण संपला होता, माझ्या चांगलं लक्षात आहे."

ती हसली, आकडा दुरुस्त केला. पुढच्या पानावर मात्र तिचा आवाज खाली आला. "मागच्या यंत्रखोलीत आग. एक फिटर मृत."

तो फिटर तिचा थोरला भाऊ. बातमी सांगायला कानसेनच त्यांच्या घरी गेला होता. मग जातच राहिला आणि दोन वर्षांनी तिचा नवरा झाला. दादा क्षणात गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या एका वाक्याच्या आधारावर तिच्या आईने उरलेलं आयुष्य काढलं.

"यंत्रखोलीचं दार बंद केल्यावर आतून काही आवाज येतो का, अशी कप्तानाने विचारणा केली," ती वाचत होती. "श्रवणकक्षाची नोंद: आवाज नाही. म्हणून दार उघडलं नाही. बरोबर?"

कानसेनचा हात कानातल्या यंत्राकडे गेला.

आवाज होता. लोखंडावर पान्ह्याचे ठोके. तीन आणि दोन, तीन आणि दोन. दाराजवळची माणसं धुरामुळे मागे हटलेली, त्यामुळे ते फक्त त्याच्याच हेडफोनमध्ये येत होते. दार उघडलं तर धूर आपल्यापर्यंत येईल, एवढंच त्याच्या मनात आलं. तो भ्याला. ब्याण्णव जणांचे जीव वाचवले वगैरे त्याला नंतर सुचलं. तेव्हापासून ठोके चालूच होते. यंत्र काढून ठेवलं की सगळं जग बंद व्हायचं, ते तेवढे राहायचे.

"अहो, बरोबर का?"

बरोबर म्हटलं की सुटका होती. पण सही केली की ते छापलं जाणार, आणि मग तेच खरं ठरणार.

"खोड ते," तो म्हणाला. "दादा ठोकत होता. एकोणीस मिनिटं. मीच नाही म्हणालो."

तिची पेन्सिल त्या ओळीवर थांबली.

"तीन आणि दोन?" तिने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"दुपारी डोळा लागला की तुम्ही पलंगावर ठोकता. लग्न झाल्यापासून. मला वाटायचं, कामातलं काही असेल. मी येऊन परत तसंच ठोकते. मग तुम्ही थांबता, शांत झोपता."

तिने ओळ खोडली, शेजारी नीट अक्षरात खरं काय ते लिहिलं आणि सहीसाठी पेन त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच्याच ठोक्यांनी जागा झाला. बोटांची सालं निघाली होती. ती पलंगाशेजारी खुर्चीवर बसली होती, मांडीवर गजराचं घड्याळ घेऊन. किती वेळची, कोण जाणे. त्याने चाचपडत यंत्र कानात घातलं.

"मी आज उत्तर दिलं नाही," ती म्हणाली. "नुसती मोजत बसले. एकोणीस मिनिटं फार असतात हो."