पिठातलं पाऊल

हडळीच्या सिनेमाचा हा सातवा भाग. आधीचे सहा मी पाहिले नव्हते. सातव्याचं शूटिंग धसईजवळ आमच्या गावात झालं, त्यातले दोन दिवस माझ्याच घरात, म्हणून हा पाहिला. नसता पाहिला तर बरं झालं असतं.

शूटिंगवाल्यांतला जगदीश माझ्याकडे चहाला बसायचा. "बाबा, तुमच्यात माणूस गेल्यावर काय काय करतात?" असं गोड बोलून विचारायचा. माझी बायको बाईजा जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तिच्याबद्दल आता कोणी विचारत नव्हतं. मी सांगत गेलो. ती गेली त्या जागी दहाव्याला तांदळाचं पीठ पसरलं, दिवा लावला, वर टोपली झाकली. सकाळी पिठात चिमणीच्या पायाएवढी खूण होती. "पाखराच्या जन्माला गेली गो बाई," शेजारची ठकी म्हणाली. तेव्हापासून माझी नात योगिनी अंगणात रोज कणी टाकायची. आजीचं जेवण.

जगदीशने सगळं वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

परवा मुलाने, धनेशने, मला आणि योगिनीला शहापूरच्या थेटरात नेलं. पडद्यावर माझी ओटी, माझी चूल. टोपली उचलली, तर पिठात टाच पुढे आणि बोटं मागे असलेलं पाऊल. त्यातून काळं रक्त वर आलं. मग पिठातून एक म्हातारी उठली, लाळ गाळत, आणि झोपलेल्या नातीचा गाल चाटायला लागली.

"आली रे म्हातारी, भाकर थापायला!" मागून एकजण ओरडला. शिट्ट्या झाल्या. धनेशही हसला.

"बाबा, आपली चूल बघा ना!"

मी उठलो. तोंडावर टॉवेल धरून बाहेर आलो आणि भिंतीकडेला ओकलो.

दुसऱ्या दिवशी योगिनीने कणी टाकली नाही.

"आबा, आजीचे पाय उलटे झालेत का?"

"नाय गो."

"मंग पीठ पसरा. मला बघू दे."

संध्याकाळी त्याच जागी पीठ पसरलं, टोपली झाकली. सकाळी ती माझा सदरा धरून मागे उभी राहिली. मी टोपलीला हात लावला आणि हात तिथेच थांबला. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिची मला भीती वाटली. जगदीशची किळस आली होतीच. आता माझीही आली.

टोपली उचलली. पीठ कोरं होतं. कडेला चार मुंग्या.

"बघ, काय नाय."

मी पीठ सुपात भरलं आणि अंगणात नेऊन टाकलं, वर मूठभर कणी टाकली. चिमण्या उतरल्या.

"ये गो," मी हाक मारली.

योगिनी उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. ती चिमण्यांच्या पायांकडे बघत होती.