‘उत्तरतीर’ची तयार ओळ

मी एक ओळ आहे. कवितेची नव्हे, शिशाची. परभणीच्या ‘दैनिक उत्तरतीर’च्या छापखान्यात अक्षरांचे काही खिळे एकाशेजारी एक उभे करून मला जुळविण्यात आले आणि सभोवती दोरा आवळण्यात आला. यापुढे जन्मभर मला एकच वाक्य बोलायचे आहे, हे मात्र मला कोणी सांगितले नाही. ते वाक्य असे : ‘जिल्ह्यात सर्वत्र शांतता असून कोठेही अनुचित प्रकार घडलेला नाही.’

आपण मला वाचलेले आहे. सकाळच्या चहाबरोबर वाचून समाधानाने पान उलटलेले आहे. त्या समाधानाबद्दल मला आपला आदर वाटत नाही, हे आरंभीच सांगून टाकते.

‘उत्तरतीर’ प्रथम साप्ताहिक होते, पुढे दैनिक झाले. संस्थापक-संपादक अण्णासाहेब. निजामी राजवटीत त्यांनी म्हणे गुप्त पत्रके वाटली होती. ती वाटताना त्यांना कोणी पाहिलेले नव्हते. त्या आठवणी मात्र दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, पहिल्या पानावर झळकत आणि दर वर्षी त्यांत एखादा नवा धोका वाढलेला असे. पत्राच्या नावाखाली बोधवाक्य होते, ‘जे पाहिले तेच लिहू’. संपादकांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवलेली होती.

माझा जन्म १९७४ च्या गणेश विसर्जनाचा. पालम, सोनपेठ, गंगाखेडचे गठ्ठे संध्याकाळच्या एस.टी.ने रवाना होत. त्यामुळे अंकावर तारीख उद्याची असली तरी पान आज दुपारी चारलाच बंद करावे लागे. मिरवणूक पाचला निघायची, आणि ती शांततेत पार पडल्याची बातमी चारला तयार हवी! मग जुळारी लिंबाजीने मला जुळवले. अंक निघाल्यावर तो खिळे सोडून आपापल्या खणांत टाकू लागला, तेव्हा अण्णासाहेब म्हणाले, “राहू दे, लिंबाजी. हे वाक्य वारंवार लागते. बांधून ठेव.”

तेव्हापासून मी पाने बांधायच्या दगडी फरशीच्या कोपऱ्यात पडून असे. मोहरम आला, मला उचला. मतदान आले, मला उचला. बाहेर कोणी पाहून आले की नाही, हे मला उचलताना कोणी विचारीत नसे. ‘शुभहस्ते संपन्न’ आणि ‘दुःखद निधन’ अशा माझ्या दोन शेजारणी होत्या. पण निधनाची खात्री निदान घरचे लोक तरी करून घेत. माझी खात्री कोणीच केली नाही.

१९७८ च्या जुलैअखेरीस मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मुंबईत संमत झाला आणि इकडे विद्येशी आयुष्यात कधी संबंध न आलेल्या माणसांनाही एकाएकी विद्यापीठाच्या नावाची काळजी लागली. रस्त्यांवर झाडे पाडली गेली, एस.टी. बंद पडली. लिंबाजीचे गाव पालमच्या पलीकडे. त्याची आई चांगुणाबाई तिथल्या बौद्ध वस्तीत एकटी राहत असे. दोन दिवस तो कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आला तो पायीच, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला.

“अण्णासाहेब, मायचं घर जाळलं,” तो उभ्या उभ्याच म्हणाला. “अकरा घरं गेली. मी सोता बघून आलोय. माय रानात लपून बसली व्हती, तिला घिऊन आलो.”

“अरेरे!” अण्णासाहेबांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता, हे मी नाकारीत नाही. “फार वाईट झाले, लिंबाजी. पण हे छापले तर आणखी चार गावे पेटतील. आपल्यावर जबाबदारी आहे.”

“बरं, नका छापू. पर मग आज ही ओळ तरी लावू नका.”

“मग त्या जागेत काय घालायचे?”

मी पुष्कळ ऐकले आहे. इतके निर्मळ उत्तर पुन्हा ऐकले नाही. कागद कोरा राहू नये, एवढ्यासाठी अकरा घरे शाबूत ठरली.

आणि मला उचलून पानात बसवले ते लिंबाजीनेच. मला वाटले होते, तो मला खिडकीतून भिरकावून देईल. त्याने तसे केले नाही. घर नसलेली आई त्याच्या भाड्याच्या खोलीवर येऊन बसली होती. नोकरी गेली असती तर खोलीही गेली असती. हे सर्व मला समजत होते. तरीही मी त्याला क्षमा केली नाही.

महिन्याभराने चांगुणाबाई स्वतः छापखान्यात आली. घरे जळालेल्यांची यादी तालुक्याच्या कचेरीत होत होती आणि तिथल्या कारकुनाने तिला परतवून लावले होते.

“कारकून म्हनला, बाई, पेपरात तर सगळं शांत हाय,” ती लेकाला सांगू लागली. “त्येनं तुमचाच पेपर काढून दाखीवला. मी म्हनले, सायब, त्यो पेपर माझ्याच लेकानं जुळवलाय, पर घर जळायलं तवा त्यो तितं न्हवता, मी व्हते. तर म्हनतो, लेकाचं खरं धरू का तुमचं?”

लिंबाजी खिळे जुळवीत राहिला. तिनेच विचारले, “कोनती रं ती ओळ?”

त्याने माझ्याकडे बोट दाखविले. तिने मला दोन्ही हातांत उचलून पाहिले. तिला अक्षर येत नव्हते. आणि येत असते तरी खिळ्यांवरचे उलटे अक्षर तिला वाचता आले नसते.

“लय जड हाय की. ह्येच्यात माझं घर कुठं हाय?”

“न्हाई माय त्येच्यात.”

“मग येवढं जड कशानं हाय?” असे म्हणून तिने मला खाली ठेवले. त्या छापखान्यात पानात बसवण्यापूर्वी मला कोणी असे तोलून पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून तिचे मागणे एकच होते. “घर बांधून द्या न्हाईतर नका दिऊ. पर माझं घर जाळलं, येवढं तरी कागदावर यिऊ द्या.” लिंबाजीने ते मागणे अण्णासाहेबांपुढे ठेवले. अण्णासाहेब म्हणाले, “बघू.” ‘बघू’ हा शब्द त्यांनी बांधून ठेवला नव्हता, तरी तो माझ्यापेक्षाही अधिक वेळा वापरला गेला. यादी बंद झाली. अकराही नावे बाहेर राहिली. चांगुणाबाई मात्र दर वर्षी त्या कचेरीच्या पायऱ्या चढत होती, आणि दर वर्षी नवा कारकून तोच जुना पेपर काढून दाखवीत होता. बातमीदारांनी न पाहिलेल्या गोष्टींचा पुरावा म्हणून वर्तमानपत्र किती टिकाऊ असते, हे त्या कचेरीकडून शिकावे!

मधल्या काळात अण्णासाहेबांचा दोन वेळा सत्कार झाला. मानपत्रात ‘निर्भीड’ हा शब्द दोन्ही वेळा होता, आणि तो लिंबाजीनेच जुळवला होता. पुढे अण्णासाहेब थकले. त्यांचे चिरंजीव अनंतराव यांनी कारभार हाती घेतला. अनंतरावांना मुख्य ओढ खिळ्यांविना छापणाऱ्या नव्या ऑफसेट यंत्राची. खिळे मोडीत काढायचे ठरले, बाकीचे जुळारी निरोप घेऊन गेले. शेवटचे काही अंक काढण्यापुरता एकटा लिंबाजी उरला.

१४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली. चांगुणाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन छापखान्यात आली आणि दाराशी स्टुलावर बसली. चारला थोडा अवकाश होता.

अनंतराव हातातला पेढा तोंडात टाकीत म्हणाले, “लिंबाजीकाका, ती नेहमीची ओळ लावा आणि पान बंद करा.”

“पालमला फोन केला का? सोनपेठला?”

“कशाला? सगळे शांतच असणार.”

“आसंल बी. पर इच्यारलं का?”

“अहो काका, एस.टी. सुटेल!”

लिंबाजीने मला उचलले, माझा दोरा सोडला आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात टाकून दिला. वीस वर्षांचे माझे वाक्य चार मिनिटांत संपले. मग त्याने जुळणीची स्टिक घेतली व माझ्या जागेवर तीन ओळी जुळवून बसविल्या. अनंतरावांनी प्रूफ वाचले : ‘ऑगस्ट १९७८ मध्ये पालमपलीकडील आमच्या जुळाऱ्याच्या गावी चांगुणाबाई हिच्या घरासह अकरा घरे जाळण्यात आली. ही बातमी त्या वेळी आम्हांस ठाऊक होती. आम्ही ती दिली नाही.’

“हे काय? काढा हे!”

“मी जुळवलंय. तुमाला नको आसंल तर तुमी काढा.”

अनंतराव फरशीजवळ गेले. उलट्या अक्षरांच्या त्या दाट पानात नेमके कोठे हात घालावा, हे त्यांना कळेना. पेपराचे मालक आपला पेपर वाचू शकत नव्हते! एक खिळा उपटला तर सगळे पान विस्कटेल, एवढे मात्र त्यांनी ऐकले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले, दुसरा जुळारी शोधायला दाराबाहेर पाहिले, आणि शेवटी, “छापा काय छापायचे ते! आणि उद्यापासून येऊ नका,” असे म्हणून ते निघून गेले.

“न्हाई येत,” लिंबाजी म्हणाला आणि यंत्र सुरू केले.

आता मी ओळ उरलेली नाही. पोत्यात भरलेले सुटे खिळे आहे. ‘मी’ म्हणते ते केवळ सवयीने. त्या तीन ओळींत माझ्यातलेही काही खिळे होते. माझ्या अंगचे तेवढेच कर्तृत्व, तेही दुसऱ्याच्या हातचे. भट्टीत जाण्यापूर्वी आपल्याला एकच विनंती करते : यापुढे माझ्यासारखे वाक्य वाचाल, तेव्हा पान उलटण्याआधी ‘पाहून कोण आले?’ एवढे विचारा. आपण विचाराल, अशी मला आशा नाही. विनंती तरीही करते.

पहिली प्रत निघाली तेव्हा लिंबाजीने ती आईपुढे धरली, तिचे बोट तिच्या नावावर ठेवले आणि तिन्ही ओळी सावकाश वाचून दाखविल्या. चांगुणाबाईने त्या पुन्हा एकदा वाचायला लावल्या. मग पेपराची नीट घडी घातली, उद्या कचेरीत न्यायचा म्हणून पदराखाली धरला, आणि लेकाकडे पाहून म्हणाली,

“तीन ओळींला पंधरा वर्सं लागली व्हय रं? अन् म्हनं रोजचा पेपर!”