मला देवी करू नका

चुन्याचा हात मारून मला गप्प करायची या चाळीची जुनी सवय आहे. म्हणून रंगाचा पुढचा डबा उघडण्याआधी बोलून घेते. मी मुलुंडच्या एका बैठ्या चाळीतली भिंत. भाड्याच्या खोलीतल्या भिंतीने खिळे सोसायचे आणि तोंड मिटून उभं राहायचं, असं सगळे धरून चालतात. माझ्या बाबतीत तसं धरू नका.

विटा माझ्या चांगल्या भाजलेल्या. सिमेंट घालताना मात्र हात आखडला, आणि शेजारच्या खोलीची मोरी नेमकी माझ्या पाठीला बांधली. तिचा पाइप झिरपतो, म्हणून पाठ कायम ओली. बुरशीचे काळे ठिपके उठले, पोपडे सुटले, की घरमालक अण्णा नवा भाडेकरू यायच्या आत रंग फासून मोकळा! एकदा तर त्याने पाण्याच्या मोटारीची जुनी वायर, बाहेरून वाईट दिसते म्हणून, नळीबिळी न घालता माझ्या अंगात गाडली आणि वर गिलावा केला. ओल्या अंगात फाटकी वायर. तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

गिरण्यांचा संप झाल्यावर दत्ताराम लालबागचं बिऱ्हाड मोडून इथे आला. साकीनाक्याला एका कारखान्यात लागला होता. बरोबर बायको प्रेमा आणि आई रुक्मिणी. खोली बघताना त्याने पंखा फिरवला, नळ सोडला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “रंग झकास आहे.”

प्रेमाने नाक मुरडलं. “कसला तरी कुबट वास येतोय.”

“बंद खोलीला येतोच, वहिनी,” अण्णा म्हणाला.

देवांची फळी माझ्यावर ठोकली गेली. सकाळी न्हाऊन, ओल्या हातानेच रुक्मिणीने मला कुंकवाचं बोट टेकवलं आणि हात झटकन मागे घेतला. बोटाला विजेच्या मुंग्या आल्या होत्या. मला वाटलं, आता ही ओरडेल, फ्यूज काढायला लावेल. ती तर माझ्या पाया पडली!

“गो प्रेमा, देवी जागृत आसा हय! गावची आई आमच्या पाठोपाठ इली.”

गिरणी गेली, गाव लांब राहिलं. म्हातारीला तेवढाच आधार वाटला. तिचं मला वाईट वाटलं. पण राग आला तो अण्णाचा. त्याच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा त्याने हात जोडून सांगितलं, “भाग्य लागतं हो, असं घर मिळायला.” मग काय, चाळीतल्या बायका नारळ घेऊन येऊ लागल्या. माझ्या पोपड्यांत त्यांना देवीचे डोळे दिसायला लागले.

प्रेमाला काही ते पटेना. एक दिवस नळाला पाणीच आलं नाही. त्या सकाळी रुक्मिणी कुंकू लावून वाट बघत बसली, पण हाताला काही जाणवलं नाही.

“अहो, पाणी नाही आलं तर देवी पण नाही आली,” प्रेमा नवऱ्याला म्हणाली. “मोटार लागली की हिला जाग येते. असं कसं?”

“आईला सांगून बघ. मी नाही बोलणार,” दत्तारामने अंग काढून घेतलं.

तिने सांगितलंही, पण सासूने कानावर हात ठेवले. नवरात्र तोंडावर आलं होतं आणि घट माझ्याच पायाशी बसणार होता. मातीची परडी, तांब्याचा कलश, रोज पाणी, ओले हात, अनवाणी पाय. मी हादरले. मी तापट आहे, पण खुनी नाही. कोणाच्या तरी डोळ्यांत भरावी म्हणून रंगातून जेवढी ओल बाहेर ढकलता येईल तेवढी ढकलली. दुसरं माझ्या हातात काय होतं?

घटाच्या सकाळी प्रेमाने अण्णाला बोलावलं. बाहेर मोटार घुरघुरत होती. तिने त्याला चपला काढायला लावल्या, हातावर तांब्याने पाणी घातलं आणि कुंकवाची वाटी पुढे केली. स्वतः मात्र आमच्या दोघांच्या मधे उभी राहिली, वेळ आलीच तर त्याचा हात धरायला.

“पहिलं बोट मालकाचं. टेकवा.”

“वहिनी, मी नंतर येतो ना.”

“नंतर कशाला? देवी आत्ताच जागी आहे.”

“आई वाट बघतेय,” दत्ताराम पहिल्यांदाच बायकोच्या बाजूने बोलला, आणि दारात आडवा उभा राहिला.

अण्णा एक पाऊल मागे सरकला. त्याने माझ्याकडे बघितलं, ओल्या हाताकडे बघितलं, आणि ओरडला, “आधी ती मोटार बंद करा कोणीतरी!”

आजवर त्याला अहोजाहो करणारी रुक्मिणी एकेरीवर आली.

“म्हणजे तुका सगळा ठावक होता?”

दत्तारामने फ्यूज काढला आणि छिन्नी घेऊन मला फोडलं. दुखलं, पण इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. काळी पडलेली वायर बाहेर आली. अण्णा पुटपुटला, “उद्या रंग मारून देतो.”

“रंग नको,” रुक्मिणी म्हणाली. “बघांदे सगळ्यांका.”

घट समोरच्या कोरड्या भिंतीशी बसला. माझ्या छातीवर अजून खाच आहे, विटा उघड्या आहेत. नवी वायर नळीतून, बाहेरून गेली आहे. मोरीचा पाइप झिरपतोच आहे, आणि त्यावरून प्रेमा अण्णाला रोज दारात गाठते. रुक्मिणी येता-जाता माझ्याकडे बघून म्हणते, “देवी नाय तर नाय. पण ही खोटा बोलूक नाय.”

खोली भाड्याने बघायला याल तेव्हा रंगाला भुलू नका. कोपऱ्यात नाक न्या. वायर कुठून गेली ते विचारा. मालक हसून म्हणेल, भिंतीला काय बघायचं? त्याला आधी त्या भिंतीजवळ उभं करा. आणि अण्णा, तुला किती रंग लावायचाय तो लाव. मी पुन्हा बाहेर येईन.