सायरनबुवांची निवांत सहल

गल्लीत त्यांना सगळे सायरनबुवा म्हणत. उभा जन्म रुग्णवाहिका चालवण्यात गेला. नोकरीतून निवृत्त झाले, पण पायातला वेग काही निवृत्त झाला नाही. भाजी आणायला निघाले तरी असे सुटायचे की समोरची माणसं आपसूक बाजूला व्हायची. आणि हाच गृहस्थ आता बायकोला म्हणत होता, परदेशात भाड्याने गाडी घेऊ, मीच चालवेन, निवांत फिरू!

बायको घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवायची. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि तोंडाला टाळं नसलेल्या गिऱ्हाइणी. केस कापता कापता तिने त्यांच्या किती सहली ऐकल्या होत्या! जुन्या वेशी, दगडी पूल, द्राक्षांचे मळे, आणि वाटेत आवडलं म्हणून मुक्काम केलेलं कुठलंसं खेडं. ‘वाटेत आवडलं म्हणून’ हे शब्द कानावर पडले की तिची कात्री थांबायची. तिला अगदी तसंच जायचं होतं. तेही नवऱ्याबरोबर, आणि इथेच तर घोडं पेंड खात होतं.

थोरल्या बहिणीने तिच्यासाठी दुसरी सोय करून ठेवली होती. ताई त्याच देशात बसच्या सहलीने चालली होती आणि शेजारची सीट तिने अडवून ठेवली होती.

“रविवार संध्याकाळपर्यंत काय ते सांग,” ताईने बजावलं. “त्या वाऱ्याच्या मागे लागलीस तर तुला फक्त मैलाचे दगड दिसतील.”

शनिवारी दुपारी पार्लर बंद करून ती आत आली, तर जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला. ठिकठिकाणी लाल गोल. तिला कोण आनंद झाला! नवऱ्याने एवढी ठिकाणं शोधली?

“हे काय आहे हो? किल्ला?”

“हे हृदयाचं रुग्णालय. चांगलं आहे म्हणतात.”

“आणि हे नदीकाठचं?”

“अपघात विभाग. रात्रंदिवस उघडा.”

तिने कपाळावर हात मारला. सगळे लाल गोल रुग्णालयांचे होते. “अहो, पण ते डोंगरावरचं जुनं गाव कुठे गेलं? मी सांगितलं होतं ना, दगडी गल्ल्यांचं?”

“ते वगळलं,” सायरनबुवा गंभीरपणे म्हणाले. “गल्ल्या फार अरुंद आहेत. स्ट्रेचर वळणार नाही.”

ती हसली, पोट धरून हसली. मग हसता हसता तिला एकदम रडूच आलं. जित्याची खोड, दुसरं काय! या माणसाबरोबर आपण कधी, कुठेही निवांत जाणार नाही, असं तिला वाटून गेलं. पण हार मानेल तर ती पार्लरवाली कसली?

“उद्या परीक्षा,” तिने डोळे पुसत जाहीर केलं. “ताईकडे जायचं. तासाभराचा रस्ता आहे. तुम्ही संध्याकाळ करून दाखवायची. जमलं तर गाडीने जाऊ, नाहीतर मी चालले ताईबरोबर बसने.”

“दिवसभर रस्त्यात करायचं काय?”

“थांबायचं.”

घोडामैदान जवळच होतं. सकाळी निघाले. सायरनबुवांनी पहिलं वळण अगदी हळू घेतलं, दुसरंही. मग समोर मोकळा रस्ता दिसला आणि बुवांचा पाय त्यांचा राहिला नाही. ताई फाटकात दात घासत उभी होती, तेवढ्यात गाडी पुढ्यात हजर! तासाचा रस्ता तासाच्याही आत संपला होता.

ताईच्या तोंडातला ब्रश तोंडातच राहिला. “अगं, एवढ्या लवकर?”

“आम्ही अजून निघालोच नाही असं समज,” खाली न उतरता ती म्हणाली. “चला हो, वळवा गाडी.”

“डोकं फिरलंय दोघांचं!” ताई मागून ओरडली. “सीटचं सांग मला!”

परतीच्या वाटेवर मोहरीचं एक पिवळंधमक शेत लागलं. “इथे थांबा,” ती म्हणाली. बुवांनी गाडी कडेला घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं. दोन्ही हात चाकावर, डोळे आरशात. जरा वेळाने म्हणाले, “झालं?”

आता मात्र ती भडकणार होती. पण तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. बोटं पांढरी पडली होती.

“काय होतंय तुम्हाला?” तिने हळूच विचारलं.

“थांबलो की भीती वाटते,” ते म्हणाले. एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून तिने ऐकला नव्हता. “मागे कुणीतरी असायचंच ना. आपण थांबलो आणि तेवढ्यात त्याचं काही झालं तर? निवांत फिरू असं मी म्हणालो खरा. पण मला येतच नाही ते.”

ही खोड नव्हतीच. किती अनोळखी जीव या माणसाने पाठीवर वाहिले होते, आणि एकही अजून खाली ठेवला नव्हता.

तिने त्यांचा डावा हात चाकावरून सोडवला आणि बोटं आपल्या मनगटावर ठेवली.

“बघा. चालू आहे?”

सवयीने त्यांनी नाडी धरली. “आहे.”

“कशी आहे?”

“छान आहे. एकसारखी.”

“मग? गाडीत आज एवढंच माणूस आहे. त्याला कुठेही पोहोचायचं नाही.”

उजव्या हाताने त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. बाहेर पाखरं किती ओरडत होती, ते आत्ता कुठे ऐकू आलं.

दुपार कलली तरी दोघं शेताच्या बांधावर बसलेली होती. सायरनबुवा गवतावर आडवे होऊन चक्क घोरत होते. तिचा फोन वाजला, तशी त्यांना जाग आली आणि त्यांनीच तो उचलला.

“पोहोचलात का घरी?” ताईचा आवाज कडाडला. “आणि सीटचं काय?”

“नाही पोहोचलो,” सायरनबुवा आळस देत म्हणाले. “वाटेत आवडलं म्हणून थांबलोय. सीट दुसऱ्या कुणाला तरी द्या, ताई.”