कलत्या नारळाचा दावा

केशवापुरातल्या बाळाचार्य उमर्जींनी नारळाचं रोप लावलं तेव्हा ते कंपाउंडच्या भिंतीपासून चांगलं हातभर आत होतं. निदान आचार्यांचं म्हणणं तसं होतं, आणि तीस वर्षं हायस्कुलात भूमिती शिकवलेल्या माणसाच्या मापावर शंका घ्यायची त्या गल्लीत पद्धत नव्हती. झाड भिंतीच्या उंचीपर्यंत सरळ वाढलं. मग त्याला पलीकडचं ऊन आवडलं आणि ते शेजारच्या गलगलींकडं कललं. मुळं उमर्जींची, शेंडा गलगलींचा, असा संसार सुरू झाला.

१९९४च्या श्रावणात एक नारळ गलगलींच्या न्हाणीघराचं कौल फोडून थेट पाण्याच्या हंड्यात पडला. अंबूताई गलगली नुकत्याच आंघोळ करून बाहेर आल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्यांचे यजमान वसंतराव, रेल्वेत गार्ड होते ते, फुटक्या कौलाचे दोन तुकडे घेऊन आचार्यांच्या दारात उभे राहिले.

"आचार्य, हे तुमच्या झाडाचं काम."

"कौल बसवून देतो," आचार्य म्हणाले. "नारळ कुठाय?"

"नारळाची चटणी झाली."

"माझ्या नारळाची?"

"माझ्या हंड्यात पडला तो माझा. गाडीत चढला तो माझा पॅसेंजर."

कौल आपण द्यायचं आणि नारळ यांनी खायचा, हे समीकरण आचार्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ते कमरीपेठेत सुमंत वकिलांचा लाकडी जिना चढले. वकिलांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आचार्य, हा नारळाचा प्रश्नच नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

आचार्यांचा ऊर भरून आला. तीस वर्षं पोरांकडून प्रमेयं पाठ करून घेतली, पण आपल्या आयुष्यात तत्त्व आहे असं इतक्या स्पष्टपणे कुणी सांगितलं नव्हतं.

घरी त्यांच्या पत्नी हेमावतीबाईंनी विचारलं, "अहो, एका नारळासाठी कोर्टात?"

"नारळासाठी नाही, तत्त्वासाठी."

"मग उद्या तत्त्वाचीच चटणी करते. इडलीबरोबर खा."

दावा दाखल झाला. बाळाचार्य वादी, वसंतराव प्रतिवादी. कोर्टानं पहिल्याच महिन्यात हुकूम दिला की, निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे. झाडावर कुणी चढायचं नाही, नारळ कुणी काढायचे नाहीत, पडलेल्याला कुणी हात लावायचा नाही. हुकूम दोन्ही घरांनी पाळला. नारळांना मात्र तो लागू नव्हता, त्यामुळं ते पिकले की पडत राहिले. वसंतरावांनी न्हाणीघराच्या कौलांवर जुनी लोखंडी खाट टाकली. सकाळी अंबूताई आंघोळीला गेल्या की वर धाडकन आवाज व्हायचा, आणि भिंतीअलीकडं आचार्य पूजा थांबवून कान द्यायचे. डोक्यावर साठ-सत्तर नारळ लोंबत असताना हेमावतीबाई आणि अंबूताई दुर्गदबैलच्या बाजारात एकाच बाईकडून नारळ विकत घ्यायच्या.

दोन वर्षांनी मोजणीसाठी कोर्ट कमिशनर आला. तरुण वकील होता बिचारा. उमर्जींकडं त्याला उप्पीट-शिरा मिळाला, गलगलींकडं थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. कोणाचंच मन मोडायचं नाही म्हणून त्यानं दोन्हीकडं पोटभर खाल्लं आणि मग जड अंगानं टेप लावली. अहवालात आलं की भिंतच सरळ नाही, मधे केळ्यासारखी वाकलीय, आणि खरी हद्द आखली तर झाडाचं बूड अर्धं अलीकडं, अर्धं पलीकडं येतं.

आचार्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. भिंतीची आखणी त्यांनी स्वतः दोरी धरून केली होती.

"लोकांना काय सांगू? भूमितीचा मास्तर, आणि रेघ वाकडी!"

"सांगू नका," हेमावतीबाई म्हणाल्या. पण सुमंत वकिलांनी अहवालावर हरकत घेतली, पलीकडच्या वकिलानंही घेतली, आणि दोन हरकतींवर पुढची चार वर्षं सुखात गेली.

सुरुवातीला आचार्य आणि वसंतराव दोन रिक्षांतून, एकामागून एक कोर्टात जायचे. एकदा रिक्षांचा बंद होता. कुठूनशी एकच मिळाली, तीत दोघं मधे फायलींची पिशवी ठेवून बसले. नंतर तेच चालू राहिलं. तारीख एक, वेळ एक, गल्ली एक, मग दोन रिक्षा कशाला? पुढं पुढं कोर्टातून सुटल्यावर दोघं कोपऱ्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी खायला थांबू लागले. वसंतराव अळणावरपुढच्या घाटातल्या मालगाड्यांच्या गोष्टी सांगायचे, आचार्य हसून हसून ठसकायचे. झाडाचा विषय निघालाच तर दोघांपैकी एक बोट वर करायचा, "न्यायप्रविष्ट आहे." की पुन्हा मालगाडी.

एका नव्या न्यायाधीशांनी चिडून विचारलं, "झाड तोडूनच का टाकत नाही?"

"नाही!" वादी आणि प्रतिवादी एकदमच ओरडले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं आणि सहा महिन्यांनंतरची तारीख दिली.

२००५च्या माघात वसंतराव सकाळी पेपर वाचता वाचता गेले. आचार्य धावत गेले, त्यांनी खांदा दिला. तिसऱ्या दिवशी सुमंत वकिलांचा फोन आला, "आचार्य, वाईट झालं. पण नव्वद दिवसांत वारसांची नावं लावायला हवीत, नाहीतर दावा बारगळेल."

तेराव्याच्या जेवणाला आचार्य गेले ते खिशात कागद-पेन घेऊन. वसंतरावांचा मुलगा राघवेंद्र बेंगळूरहून आला होता, कंपनीत इंजिनिअर. आचार्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"तुझं पूर्ण नाव सांग. वय, आणि बेंगळूरचा पत्ता."

त्याला वाटलं, भटजींना संकल्पासाठी हवंय. त्यानं गोत्रही सांगितलं. मग कागदावर 'प्रतिवादी क्रमांक एक अ' वाचून तो थबकला. "काका, हे अजून चालू आहे? मला काही नको हो. झाड तुमचं, नारळ तुमचे. कुठं सही करू?"

आचार्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अकरा वर्षं लढला तुझा बाप! आणि तू एका सहीत घालवायला निघालास?"

"राघू, सही करायची नाही." मागं अंबूताई उभ्या होत्या. अकरा वर्षांत या दाव्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नव्हता. "वारस मीही आहे ना, आचार्य? माझं नाव लिहा. वय एकाहत्तर. मी येते कोर्टात."

आचार्य आनंदले. पुढच्या तारखेला रिक्षात त्यांनी अंबूताईंना आदरानं उजवीकडची जागा दिली आणि वाटेत समजावलं, "घाबरायचं नाही. पहिल्या वेळी नुसती वेळ मागून घ्यायची."

अंबूताईंनी वेळ मागितली नाही. पुकारा होताच त्या पदर खोचून पुढं झाल्या. "मर कडीब्याडरी," त्या कानडीत म्हणाल्या, झाड तोडू नका. मग त्याच दमात पुढचं कानडीतच, "न्हाणीघरावर मला सिमेंटचा स्लॅब घालून द्यावा, यांनी. अकरा वर्षं मी जीव मुठीत धरून आंघोळ केलीय, साहेब. माझ्या अंगणात पडेल तो नारळ माझा. झाडावर असेपर्यंत यांचा, चढून काढून घ्यावा. भिंत वाकडी आहे ती तशीच राहू दे, तिच्यावर माझे सांडगे वाळतात."

न्यायाधीशांनी आचार्यांना विचारलं, "तुमची हरकत?"

आचार्यांनी सुमंत वकिलांकडं पाहिलं. वकील छताकडं पाहत होते. हरकत शोधायला आचार्यांना फार तर अर्धं मिनिट मिळालं, आणि तेवढ्यात ती सापडली नाही. वीस मिनिटांत तडजोडीचा मसुदा झाला, दोघांच्या सह्या झाल्या.

बाहेर आल्यावर अंबूताई म्हणाल्या, "आचार्य, एक विचारू? तुम्ही दोघं इथं इतकी वर्षं करत काय होता?"

आचार्य कोपऱ्याकडं वळले. गिरमिटवाल्यानं सवयीनं दोन प्लेटी भरायला घेतल्या, तर अंबूताई म्हणाल्या, "मला नको, तिखट असतं," आणि रिक्षात जाऊन बसल्या.

दिवाळीच्या आत स्लॅब घालून झाला. आचार्य स्वतः ओळंबा घेऊन गवंड्याच्या डोक्यावर उभे होते. त्यांनी त्याला दोनदा काम मोडून परत करायला लावलं, तेव्हा कुठं स्लॅब काटकोनात बसला.

पण कोर्टाची वाट काही सुटली नाही. आठवड्यातून दोनदा ते इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि मागच्या बाकावर बसून लोकांचे दावे ऐकायचे. शिपाई त्यांना कुठल्यातरी मोठ्या केसचे पक्षकार समजून पाणी आणून द्यायचा. एकदा शेजारी एक माणूस येऊन बसला, चेहरा पडलेला. परसातल्या चिंचेच्या फांदीवरून भावाशी वाद, म्हणाला, पण आता कंटाळा आलाय, मिटवून टाकावं म्हणतो.

"किती वर्षं झाली?" आचार्यांनी विचारलं.

"तीन."

"तीनच?" आचार्य सरकून त्याच्याजवळ आले आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहो, मोजणी तरी होऊ द्या."